निखिलचा काटा

माहीम
शनिवार, रात्र

प्रिय दिग्या,

तुझी दोन पत्रं उत्तराविना पडून आहेत. शिव्या समोर आल्यावर घाल. आज लिहायला बसलो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. निखिलने नोकरी सोडली.

कॉफीचं दुकान काढतोय. ताज्या भाजलेल्या बिया विकणार आणि लोकांना घरी कॉफी करायला शिकवणार. गाळा बघतोय कुठे, तर माटुंग्यात, जिथे घरोघरी आधीच कॉफीचा फिल्टर आहे! सुमन म्हणाली, पंढरपुरात बुक्का विकायला निघालाय.

तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच.

आमच्या ओट्यावर आता मिक्सरच्या जागी काटा आहे. वरून पाणी ओतून गाळायच्या कॉफीला १५ ग्रॅम पूड, २४० ग्रॅम पाणी, म्हणजे एकास सोळा. पाणीही ग्रॅमातच, कारण भांडं काट्यावरच ठेवलेलं असतं. आधी ३० ग्रॅमच ओततो आणि थांबतो. पूड फुगून वर येते, बुडबुडे फुटतात. त्यातला कार्बन डायऑक्साइड आधी निघून जायला हवा, नाहीतर पाणी आत नीट मुरत नाही. मग लांब चोचीच्या किटलीने बारीक धार, गोल गोल. कपात उतरतं २१० च्या आसपास, कारण पूड आपल्या दुप्पट पाणी पिऊन बसते. त्या तीन मिनिटांत दाराची बेल वाजली तरी पोरगा हलत नाही.

फ्रेंच प्रेसला, म्हणजे दट्ट्याने पूड खाली दाबायच्या भांड्याला, ३० ग्रॅम जाडसर पूड, ४५० पाणी, चार मिनिटं. मोका पॉटला, म्हणजे गॅसवर वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणाऱ्या भांड्याला, म्हणे काटा नसला तरी चालतं: पाणी झडपेच्या खालपर्यंत, चाळणी सपाट भरायची, दाबायची नाही. आणि आपल्या फिल्टरला २० ग्रॅमला १००, खाली साठेक मिली डिकॉक्शन. चिकोरी जास्त असली की आणखी सावकाश गळतं.

मी म्हटलं, अरे, मामी आयुष्यभर चमच्याने करायची, आम्ही तिच्याकडे कॉफीसाठी ताटकळत बसायचो. तर म्हणतो, बाबा, तिचा चमचा तोच, फिल्टर तोच, पूड त्याच दुकानातली, म्हणून जमायचं. जास्त भाजलेली बी फुगून हलकी होते. चमचा तेवढाच भरला तरी कॉफी कमी पडते. पटलं मला. त्याचं सगळंच पटतं रे, तीच पंचाईत आहे.

दिग्या, त्याचा काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. पण मी विचारलं, भाडं निघायला रोज किती किलो बिया विकल्या पाहिजेत, तर म्हणाला, ‘बघू’. तेव्हापासून झोप नाही. फंडाचे पैसे त्यात घालणार, वर्गाला चार माणसं आली तर खूश होणार, आणि पावसाळ्यात कुणीच आलं नाही तर? सुमनला हे बोललो तर ती रडते. ऑफिसातले म्हणतात, हल्ली चालतं हो हे.

तू १९९४ ला प्रेस काढलीस तेव्हा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आपलं वाजलं होतं. दिवाळीपर्यंत बोलला नाहीस. तेव्हा म्हणालो तेच आजही म्हणेन, कर्ज काढून यंत्र घ्यायला नको होतंस. तू म्हणशील, घेतलं म्हणून टिकलो. राहू दे. पण तुझ्याकडे वही होती. कागद, शाई, मजुरी, रद्दीसुद्धा लिहायचास. वहिनींच्या पगारावर घर चाललं तेही त्या वहीत होतं. निखिलकडे वही नाही.

वहिनींच्या मोतीबिंदूचं झालं का? आणि जुनं यंत्र विकलंस म्हणे, खरं का? सविस्तर कळव.

त्याला नाउमेद करू नकोस. हात चांगला आहे त्याचा, ती कॉफी मी साखर न घालता पितो. फक्त समोर बसवून भाडं, वीज, बियांचा भाव, वाया जाणारी पूड, सगळं त्याच्या हाताने लिहून घे. मी बाप, माझं ऐकायचा नाही. तुझं ऐकेल, लहानपणापासून ऐकतो.

गाळ्याची अनामत पुढच्या महिन्यात द्यायची आहे. त्याआधी ये. पंचवटीने दादरला उतर, मी स्टेशनवर येतो. येताना ती जुनी वही आण.

तुझा,
अव्या