लाल ओढणी अजून आहे

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, तो पॉवर रेंजर्सचा पिक्चर परत बघितला. खरं तर ती सिरियलच फालतू होती, आम्ही लहान होतो म्हणून आवडायची." तेव्हा कुकरची शिट्टी झाली आणि विषय राहिला. पण दोन दिवस तुझं ते वाक्य मनातून जात नाहीये. पिक्चरला काय हवं ते बोल. सिरियलला फालतू म्हणू नकोस, ती मी तुझ्याबरोबर बघितलीय.

तू दुसरीत होतास. शाळेतून आलास की टून डिस्ने चॅनेलवर जेटिक्स हा कार्यक्रमांचा पट्टा लावायचास, त्यात हिंदीतले रेंजर्स, रंगीत कपडे आणि हेल्मेट चढवून राक्षसांशी लढणारी पोरं. ते संपलं की आपल्या मजल्याच्या गॅलरीत पाच जणांची लढाई सुरू. माझी लाल ओढणी तुझी, समोरच्या काकूंची मुलगी पिवळी. नळाला पाणी यायच्या वेळेला भरलेले हंडे ओलांडत तुम्ही धावायचात आणि काकू ओरडायच्या. साबणाच्या खोक्याचा तू मॉर्फर, म्हणजे रेंजर्सचं कपडे बदलायचं यंत्र, केला होतास. जुन्या सिरियलमध्ये मॉर्फरला नाणं असतं असं बारा नंबरच्या दादाने सांगितलं, म्हणून रुपयाचं नाणं भाताच्या शितांनी मधोमध चिकटवलंस. ते दर वेळी सुटायचं, गॅलरीच्या गजांतून खाली चौकात पडायचं, आणि तू तीन जिने उतरून ते घेऊन यायचास. परत शितं.

१९९३ मध्ये पहिली सिरियल आली, तीसुद्धा अशीच जोडजाड करून. हेल्मेट घातलेल्या लढाया जपानच्या 'झ्यूरेंजर' मालिकेतून घेतलेल्या, आणि शाळकरी पोरांचे प्रसंग अमेरिकेत शूट केलेले. लढणारी माणसं वेगळी, म्हणून हेल्मेट बंद ठेवावंच लागायचं. पण त्यामुळेच तर आत कोण आहे ते दिसायचं नाही आणि तूही आत असू शकायचास. काकूंची मुलगीसुद्धा. पिक्चरमध्ये झॉर्डमध्ये, म्हणजे त्यांच्या त्या प्रचंड लढाऊ यंत्रांत, बसल्यावर हेल्मेटची काच सरकते आणि नटांचे चेहरे दिसतात. नट महागाचे, मी समजू शकते. पण मग ते कपडे त्यांचेच झाले, तुमचे राहिले नाहीत.

२०१७ साली तो पिक्चर बघायला आपण करी रोडच्या पुलावरून चालत लोअर परळला गेलो होतो. तू सतरा वर्षांचा, दोस्तांना न सांगता माझ्याबरोबर आलेला. खरं सांगते, अर्धा वेळ मी पडद्याकडे बघतच नव्हते, तुझ्याकडे बघत होते. वीस-बावीस मिनिटांच्या भागात जी पोरं कपडे बदलून, लढून, जिंकून घरी जायची, त्यांना या दोन तासांच्या पिक्चरमध्ये शेवट जवळ येईपर्यंत कपडेच चढत नाहीत. सगळीकडे खाणीतला काळोख, निळा-करडा रंग. लाल, पिवळा, गुलाबी हे रंग ज्यांची ओळख, त्यांच्यावर धातूची झाक. सोन्यासाठी माणसं मारत फिरणारी खलनायिका रीटा इतकी भयंकर की सात वर्षांच्या पोराला शेजारी बसवायची भीती वाटावी. आणि सगळ्या जगाचा जीव ज्या स्फटिकात, तो एका डोनटच्या दुकानाखाली! त्या कंपनीचं नाव तर किती वेळा घेतात.

एक प्रसंग मात्र मनापासून आवडला. रात्री शेकोटीभोवती बसून ती पोरं एकमेकांना घरचं सांगतात, तो. निळ्या रेंजरला, बिलीला, ऑटिझम आहे, हे तो सरळ बोलतो आणि कुणी हसत नाही. त्या मुलाने काम फार सुंदर केलंय. ज्या ब्रायन क्रॅन्स्टनने १९९३ च्या सिरियलमध्ये राक्षसांना आवाज दिला होता, तोच इथे रेंजर्सचा गुरू झॉर्डन झालाय, हेही तूच मला मध्यंतरात सांगितलंस. म्हणजे करणाऱ्यांना माया नव्हती असं नाही. पण मुलांचं खेळणं मोठ्यांपुढे न्यायची त्यांना लाज वाटली, असं मला वाटतं. म्हणून ते काळं रंगवलं.

शेवटी झॉर्ड धावत निघतात तेव्हा जुनं गाणं वाजलं, 'गो गो पॉवर रेंजर्स'. जेमतेम काही सेकंद. तेवढ्यात तू खुर्चीत पुढे सरकलास आणि तुझे ओठ हलले. गाणं तुटलं, तसा तू मागे टेकलास. पुलावरून परत येताना तू एक शब्द बोलला नाहीस. दहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला म्हणे त्यांनी. पुढचे भाग काढायचे होते, एकही निघाला नाही.

ताईचा मुलगा मे महिन्यात राहायला येतोय. त्याला सिरियल दाखवायची आहे, पिक्चर नाही. लाल ओढणी माळ्यावरच्या पेटीत होती, कुणाला दिलेली नाही, परवा धुऊन गॅलरीत वाळत घातली. साबणाचं खोकंही ठेवलंय. नाणं शितांनी टिकत नाही, तेव्हा येताना फेविकॉल घेऊन ये, आणि दोन दिवस रजा टाक.

तुझी,
आई