नाव कुणालाही दिलेलं नाही

लीहाय, युटा

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,

शि. सा. न. वि. वि.

मला इथे बाटवतील या भीतीने त्या दिवशी फोनवर आई रडायला लागली आणि पुढचं सगळं राहूनच गेलं. बाबा म्हणाले, काय असेल ते नीट लिहून पाठव, म्हणून लिहायला बसले आहे. पहिल्यांदा महत्त्वाचं. आजीचं नाव मी कुणालाही दिलेलं नाही. मी कुठल्या पाण्यात उतरलेले नाही, माझ्यावर कुणी पाणी शिंपडलेलं नाही. विठोबा कपाटावर जागच्या जागी आहे आणि एकादशीला साबुदाणाच खाल्ला. तब्येत उत्तम आहे, जॅकेट गरम आहे. ऑफिसचं नेहमीचंच, ते लिहीत नाही.

आता झालं काय ते. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई मॉर्मन, म्हणजे एका वेगळ्या ख्रिस्ती पंथाची आहे. इथे आजूबाजूला बहुतेक तेच लोक. तिने मला पणजीचं नाव विचारलं. मला येईना. खापरपणजीचं तर विचारूच नका. तिला तिच्या सात पिढ्यांतल्या बायका तोंडपाठ! घराण्यातली माणसं शोधून काढणं हे या लोकांचं धर्मकार्य आहे, नुसती हौस नव्हे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेसुद्धा त्यांनी फोटो काढून ठेवलेत, हे तिनेच सांगितलं. मी म्हटलं, आमच्या त्र्यंबकच्या उपाध्यांकडेही अशाच वह्या असतात. एवढंच बोलणं झालं. त्यावरून आईने थेट ‘बाटवतील’पर्यंत मजल मारली.

त्या नावांचं ते काय करतात, हे मात्र सविस्तर लिहिते, कारण ते मलाही आधी पटेना. येशूने म्हटलंय की पाण्याने आणि आत्म्याने जन्म घेतल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही. मग जे त्याचं नावही न ऐकता गेले, म्हणजे सिन्नरची आपली सगळी जुनी माणसं, त्यांचं काय? मॉर्मन म्हणतात, जिवंत माणसाने त्यांच्या वतीने बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात बुडून ख्रिस्ती होण्याचा विधी, घ्यायचा. नवीन मंदिर बांधलं की अर्पणविधीच्या आधी काही आठवडे ते सगळ्यांना आत सोडतात, एरवी परक्यांना प्रवेश नाही. तेव्हा मी पाहून आले. (हो, गेले होते. फक्त बघायला.) दारात तिथल्या बायकांनी वाकून माझ्या बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या. आत एक मोठं गोल कुंड आहे आणि ते बारा बैलांच्या पाठीवर तोललेलं आहे. खऱ्या बैलांएवढे पुतळे, तोंडं चारी दिशांना. बायबलातल्या शलमोन राजाच्या मंदिरात तसं होतं म्हणून. बाबा, वशिंड नाही आणि शिंगं रंगवलेली नाहीत, बाकी पोळाच.

तिथे बारा-तेरा वर्षांची मुलंसुद्धा पांढरे कपडे घालून पाण्यात उतरतात. मेलेल्या माणसाचं नाव घेतात, मुलाला पूर्ण बुडवून वर काढतात, पुढचं नाव. पुरुषासाठी मुलगा लागतो, बाईसाठी मुलगीच लागते. मुलगा नसला तर पुतण्या चालेल, असला प्रकार नाही. आणि वर गेलेल्याने हे स्वीकारलंच पाहिजे असंही नाही, तो नको म्हणू शकतो. आजी तर नक्कीच नको म्हणाली असती, तीही चार शब्द जास्त सुनावून.

आईचा राग मी अडाणीपणात काढत नाही. नाझींनी मारलेल्या ज्यूंची नावं असल्या विधींना वापरली गेली, तेव्हा ज्यू लोकांनीही मोठी हरकत घेतली. १९९५ मध्ये त्यावर लेखी समझोता झाला. आता नियम असा की नावं आपल्याच पूर्वजांची द्यायची, आणि माणूस गेल्या ११० वर्षांत जन्मलेला असेल तर जवळच्या नातेवाइकाची परवानगी घ्यायची. आजीच्या बाबतीत ती बाबांकडे मागावी लागेल. बाबा काय देतात ते आपल्याला माहीतच आहे.

बाबा, तुम्ही विचारलंत की तू गप्प का बसलीस, विष्णुबोवा ब्रह्मचाऱ्यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांना गप्प केलं होतं. अहो, इथे माझ्यावर पाळी येतच नाही! जेवायच्या टेबलावर ही बाई आणि टेक्सासचा एक बाप्टिस्ट (तोही ख्रिस्तीच, पंथ दुसरा) यांचंच जुंपलेलं असतं. तो म्हणतो, तारण, म्हणजे उद्धार, निव्वळ कृपेने, कर्माने नव्हे, आणि बायबलातल्या इफिसकरांना लिहिलेल्या पत्राचा दाखला देतो. ती बायबलातलंच याकोबाचं पत्र काढते: कर्माशिवाय विश्वास मेलेला. तो म्हणतो, येशूशेजारी क्रुसावर खिळलेल्या चोराला कुठे बाप्तिस्मा मिळाला होता? तरी ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ म्हणालाच ना येशू? ती म्हणते, म्हणून तर मेल्यानंतरची सोय. तो म्हणतो, बायबलातल्या शेवटच्या, प्रकटीकरण नावाच्या पुस्तकाच्या शेवटी बजावलंय की या पुस्तकात भर घालू नका आणि तुम्ही १८३० साली अख्खा नवा ग्रंथ आणलात. ती शांतपणे बायबलातलं ‘अनुवाद’ नावाचं सुरुवातीचं पुस्तक काढते, तिथेही तेच बजावलंय, मग त्यापुढचं सगळं बायबल फाडायचं का? या उत्तरावर तो उठून कॉफी आणायला गेला. तिला कॉफी-चहा वर्ज्य, ती बादलीएवढ्या पेल्यात नारळाचं सरबत घातलेला कोक पिते. तिला मी एकदा कोकम दिलं, ते आवडलं.

चोराचं ऐकून मी अजामेळाची गोष्ट सांगितली. मरताना पोराला ‘नारायण’ म्हणून हाक मारली आणि विष्णुदूत धावत आले. बाप्टिस्टाला ती फार आवडली. म्हणाला, हीच कृपा, फक्त नाव चुकलं. मला हसावं की चिडावं कळेना. मग त्याने विचारलं, तुला मेल्यावर कुठे जायचंय? मी म्हटलं, आमचे बाबा रोज ‘न लगे मुक्ति आणि संपदा’ म्हणतात. गर्भवासात घाल पण संतसंग दे, असं मागतात. दोघंही गप्प झाले. मोक्ष नको म्हणणारा माणूस त्यांच्या कुठल्याच खणात बसत नव्हता. तर बाबा, सिन्नरची बाजू मी राखली. पण गंमत अशी की त्या बाप्टिस्टाच्या हिशेबी तुम्ही, आई, आजी सगळे नरकात, आणि हे तो अत्यंत प्रेमाने, माझ्यासाठी रोज प्रार्थना करतो म्हणून सांगतो. त्या बाईच्या हिशेबी निदान कुणाला वाऱ्यावर सोडलेलं नाही. मला तिची बाजू जवळची वाटते. बाजू, धर्म नव्हे. आई, दोन्हींत फरक आहे.

आजीच्या दहाव्याला मी नव्हते, याबद्दल कुणीच बोलत नाही, त्यापेक्षा बोललेलं बरं. रामकुंडावर दादाने मोबाईल धरला होता, मग हात भरले म्हणून खिशात ठेवला. नंतर मला नुसते आवाज येत होते. कावळा शिवत नव्हता. सगळे एकेक कबूल करत होते, गाईचं बघू, माळ्याचं बघू. शेवटी काका म्हणाले, चिमीचं लग्न यंदा करून टाकू, आणि लगेच शिवला. आता काकांनी कावळ्याला दिलेला शब्द मी पाळायचा का, हे कुठल्या शास्त्रात बघू? इथेही सुटका नाही म्हणा. या लोकांत लग्न मंदिरात लागतं ते अनंतकाळासाठी, आणि लग्नाशिवाय स्वर्गाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जागाच नाही. घरमालकीण परवा अगदी आईसारखीच मान हलवून म्हणाली, अजून नाही?

वर्षश्राद्धाला येते म्हटलं होतं. व्हिसाच्या शिक्क्याची तारीख मिळत नाहीये आणि तिकडे येऊन अडकले तर नोकरीच जाईल. तारीख मिळाली तर येणारच आहे, उगाच धरून बसू नका. उपाध्यांना सांगून वहीत आजीचं नाव आपल्या हातानं लिहून घ्या. बायकांची नावं लिहीत नसतील तर भांडा.

पैसे सोमवारी पाठवले आहेत. एक लाख दहा हजार, त्यात बोअरची मोटर आणि दादाचे उसने आले. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता मी इथून भरते, बाबांनी पेन्शनमधून भरायचा नाही.

नाशिकच्या मुलाचा फोटो पाहिला. बरा आहे. त्याच्या आईने विचारलं म्हणे, मुलगी तिकडे ख्रिश्चनांत राहते, देवधर्माचं काय? त्यांना सांगा, बाटलेली नाही. आणि होही म्हटलेलं नाही, हेही त्याच फोनवर सांगा, नाहीतर काका हॉल बघायला जातील.

तुमची,
चिमी