सुन्या, त्या घोडीचं सांगायचं राहिलं

वाघोली, पुणे
श्रावण, पाऊस चालूच

प्रिय सुन्या,

तुझे तीन मिस्ड कॉल बघितले, रागावू नको भो. फोनवर हे सगळं सांगायला घेतलं असतं तर नुसत्या शिव्याच आल्या असत्या तोंडात, म्हणून लिहितोय. मोबाईलवरच टाईप करतोय, चुका सांभाळून घे.

आमच्या सोसायटीच्या मागं मोकळे प्लॉट आहेत ना, तू मागच्या खेपेला गाडी लावलेली तिथं, आषाढी एकादशी होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, एक घोडी दिसली. नुकरा, म्हणजे पांढरीशुभ्र, नाकाडाची कातडी गुलाबी. आधी वाटलं कुणीतरी चरायला सोडली असेल, नगर रोडला लॉन्स आणि मंगल कार्यालयं ढिगानं आहेत, वरातीच्या घोड्या इकडं नेहमीच्याच. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो तर तिथंच उभी, पुढचा डावा पाय जमिनीला लावतच नव्हती. जवळ जाऊन बघितलं तर चारही खुरं वाढून जुन्या मोजडीसारखी वर वळलेली, डाव्या पायाची नाल अर्धी सुटून तिरकी झालेली आणि बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात अशा. कपाळावर जिथं मुंडावळ्या बांधतात तिथं घासून केसच उरले नव्हते.

तुला मी सांगायला नको, पण इथं कुणाच्या डोक्यातच येत नाही बघ, की चातुर्मासात लग्नं नसतात. एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत वरातीच्या घोडीला कमाई शून्य. आणि पोट तर रोजचंच. तीनशे-साडेतीनशे किलोच्या जनावराला दिवसाला सहा-सात किलो कडबा, वर चंदी म्हणजे दाणा, पंचवीस-तीस लिटर पाणी, दीड-दोन महिन्यांनी नालबंद. मला वाटलं, बँडवाल्यानं किंवा त्याच्या माणसानं हिशोब केला आणि दिली सोडून, दिवाळीनंतर जिवंत असली तर आणू परत.

मग मी सुरू केलं फोनपुराण. पहिल्या संस्थेनं सांगितलं आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. ठीक, सरळ सांगितलं, माझं काही म्हणणं नाही. दुसरे म्हणाले फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, लोकेशन पाठवा, फॉर्म भरा. मी ऑफिसातनं हाफ डे टाकून चिखलात उभा राहून सगळं पाठवलं. "टीम संध्याकाळपर्यंत येते सर." संध्याकाळी फोन केला तर "उद्या सकाळी नक्की." उद्याच्या सकाळी "मोठी अ‍ॅम्ब्युलन्स बाहेरगावी गेलीय." नंतर कळलं मोठी अ‍ॅम्ब्युलन्स त्यांच्याकडं नव्हतीच, कुत्र्यांची एक ओम्नी आहे फक्त. एका पांजरपोळात विचारलं, ते म्हणाले गाई-बैल घेतो, घोडा नाही, लाथ मारतो. आणखी एका संस्थेनं सांगितलं की ग्लँडर्सची टेस्ट झाल्याशिवाय आम्ही आत घेऊ शकत नाही. हे कारण मात्र खरं आहे हं, तो रोग माणसालाही होतो आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर त्याला मारावंच लागतं. पण रक्त काढून हिसारच्या लॅबला पाठवायचं, रिपोर्ट येईपर्यंत तिला कुठं बांधायचं, हे विचारलं तर "ते तुम्ही अरेंज करा." मी टू बीएचकेत अरेंज करू का?

असे नऊ दिवस, सुन्या. नऊ दिवस मी त्या "टीम येते"च्या भरवशावर बसलो. त्यांच्याकडं जागा नाही, माणसं नाहीत, घोड्याचा डॉक्टर नाही, सगळं मान्य. फोन उचलणारी ती मुलगी बिचारी विशीतली, तिच्या मागं सतत कुत्री भुंकत असायची, तिचा पण जीव मेटाकुटीला आलेला कळत होतं. माझं भांडण तिच्याशी नाहीच. त्या लोकांनी पहिल्याच दिवशी "नाही जमणार" म्हणून टाकलं असतं तर मी त्याच दिवशी तुला फोन लावला असता, काहीतरी हातपाय हलवले असते. "येतो येतो" म्हणत ठेवलं ना, ते डोक्यातनं जात नाही. आणि कळस ऐक, सहाव्या दिवशी बायकोनं इन्स्टाग्राम दाखवलं, मी पाठवलेला फोटो, माझ्या चपला सुद्धा दिसतायत कोपऱ्यात, वर लिहिलंय "हिला तुमच्या मदतीची गरज आहे", खाली क्यूआर कोड. आमच्या आईनं ते बघून दोनशे रुपये पाठवले पण होते!

मधल्या काळात एक गाढवपणा माझाही झाला. पहिल्याच दिवशी दोन किलो हरभरे भिजवून नेले आणि सगळे घातले पुढ्यात. तू असतास तर कानफटात दिली असतीस. सोसायटीतल्या काकू रोज शिळ्या पोळ्या, भात टाकत होत्या ते वेगळंच, पुण्य लागतं म्हणून. चौथ्या दिवशी मी १९६२ नंबरला फोन लावला, ती सरकारी फिरत्या दवाखान्याची गाडी असते ना, त्यांना खरं तर गाई-म्हशींचीच सवय. पण डॉक्टर आला. एकटा, रेनकोट घालून. त्यानं समजावलं की उपाशी जनावराला एकदम दाणा द्यायचा नाही, आधी नुसता सुका चारा थोडा थोडा, आणि घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलेलं बाहेर यायची सोय नाही, त्यामुळं पोटशूळ उठला की तडफडून मरतो. काकूंच्या पोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. आठवडाभर बोलत नव्हत्या माझ्याशी.

त्यानं नाल काढली, खालचा खिळा आत रुतून खुरात पू झालेला. चाकूनं कोरून वाट करून दिली, तो वास मी विसरणार नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन, दुखण्याचं इंजेक्शन, पट्टी. मी डोकं धरून उभा होतो, ती माझ्या खांद्यावर नाक टेकून नुसती थरथरत होती, पण एकदा म्हणून लाथ मारली नाही तिनं. जाताना डॉक्टर म्हणाला, "इलाज मी करीन हो, पण ठेवणार कुठं?"

पोलीस स्टेशनलाही जाऊन आलो. हवालदारानं शांतपणे मोबाईलवर कायदा काढून दाखवला. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा, जनावर उपाशी मरायला सोडणं हा गुन्हा आहेच, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपये ते पन्नास रुपये. "साहेब, पन्नास रुपयांसाठी मी माणूस शोधत फिरू का?" उत्तर नव्हतं माझ्याकडं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तर एका शहाण्यानं लिहिलं, वराती आणि टांगे बंदच करायला पाहिजेत, २०१५ मध्ये हायकोर्टानं मुंबईच्या व्हिक्टोरिया, म्हणजे त्या घोड्याच्या बग्ग्या, बंद करायला सांगितलं तसं. अरे बाबा, तिथं २०२१ ला विजेवरच्या बग्ग्या आल्या, त्यांना चारा लागत नाही, छान झालं. पण बंद केल्यावर घोडा काय गॅरेजमध्ये ठेवतात का? ज्या दिवशी कमाई थांबते त्याच दिवशी तो रस्त्यावर येतो, ही घोडी तेच तर सांगत होती.

दहाव्या दिवशी मालक सापडला. एक पोरगा, वीस-बावीसचा, टपरीवर कुणीतरी ओळखलं. मी भांडायच्या तयारीनं गेलो तर तो पत्र्याच्या खोलीत लहान बहिणीला अभ्यासाला बसवून भाकरी थापत होता. म्हणाला, घोडी वडिलांची, वडील गेले, बँडवाला चार महिने पैसे देत नाही, मलाच खायला नाही तर तिला काय घालू, "पंधरा हजार द्या आणि घेऊन जा." हात जोडून. मला भांडता आलं नाही, आणि त्याचाही राग आला, म्हणजे माझाच मला.

काल, म्हणजे पंधराव्या दिवशी, त्या संस्थेचा फोन. "सर, टीम निघतेय, लोकेशन परत पाठवता का?" मी ठेवून दिला.

तर आता मुद्द्याचं. शहाद्याला तुमच्या मामांच्या गोठ्यामागची पडवी अजून रिकामी आहे का? आजोबांची घोडी जिथं असायची ती. आपण दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत लाखालाखाचे घोडे नाचताना बघायला शाळा बुडवून जायचो, मला त्यातलं काही नको, फक्त एक कोरडी जागा आणि चाऱ्यात हात असलेला माणूस पाहिजे. पंधरा हजार मी देतो, टेम्पोचं मी बघतो, महिन्याचा चारा-नालबंद मी पाठवत जाईन. डॉक्टर म्हणतो अजून तीन आठवडे तरी तिला प्रवास नको, एवढ्या लांब शहाद्यापर्यंत तर नाहीच, तोवर त्या पोराच्या खोलीमागं बांधलीय, चारा मीच नेऊन टाकतो सकाळ-संध्याकाळ.

मामांना विचारून कळव. आणि तिच्या डाव्या खांद्यावर केसांचा एक भोवरा आहे, फोटोत दिसेल. शुभ की अशुभ ते मामा विचारतीलच, तर आधी हो म्हणवून घे आणि मग फोटो दाखव.

तुझाच,
पक्या