थांबू नका म्हणालात, म्हणून आभार राहिले

आदरणीय अनोळखी काका,

गाडी निघायच्या आधी खिडकीशी वाकून तुम्ही बजावलं होतं, "एकदा हलली की थांबायचं नाही. चढ संपेपर्यंत मागे बघायचंसुद्धा नाही." मी तसंच केलं. आरशात तुमचा टॉर्च दोनदा हलताना दिसला, आणि पुढच्या वळणावर बर्फाच्या वादळात तोही दिसेनासा झाला. तुमचं नाव विचारायचं राहिलं, चेहरा मफलरमुळे अर्धाच पाहिला. तुम्हाला गाठायचं कसं ते कळेना, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

चढावर गाडी रुतली तेव्हा मी घाबरून नुसती रेस देत राहिले. चाकं जागच्या जागी फिरत होती, जळक्या रबराचा वास सुटला होता आणि गाडी पुढे सरकण्याऐवजी खाली खाली बसत चालली होती. टायर असा फिरत राहिला की घर्षणाने खालचा भुसभुशीत बर्फ वितळतो, लगेच पुन्हा गोठतो आणि काचेसारखा होतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. शेवटी मी प्रयत्न सोडला. काचा बंद केल्या, हीटर लावला आणि इंजिन चालू ठेवून मदतीची वाट बघत बसले. मागच्या सीटवर आई होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, डोकं जड झालंय गं. मी तिच्या अंगावर शाल घातली आणि म्हणाले, झोप थोडी.

हे दोन शब्द लिहिताना आजही हात थांबतो.

तुम्ही आलात ते माझ्याकडे न येता थेट गाडीच्या मागे गेलात. गुडघ्यावर बसलात आणि फावड्याने, मग हाताने, सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ उकरू लागलात. वाऱ्याने तिथे चांगला ढीग साचला होता, नळीचं तोंड पार बुजलं होतं. मग काच वाजवून म्हणालात, "इंजिन बंद करा. आधी दारं उघडा, आईंना बाहेरची हवा लागू द्या." एवढ्या थंडीत दारं उघडायची? मला रागच आला होता. त्याची मनापासून माफी मागते.

नळी बुजली की धूर गाडीखाली कोंडतो आणि फटींतून आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं आपण नुसते दमलोय. आईचं डोकं त्या दिवशी कशाने धरलं होतं ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मोकळ्या हवेत ते हळूहळू उतरलं, नंतर डॉक्टरांनाही दाखवलं, ती ठणठणीत आहे. पण तुम्ही अर्ध्या तासाने आला असता तर काय झालं असतं, हा विचार मी पूर्ण करूच शकत नाही. गाडी काय, दुसऱ्या दिवशीही निघाली असती.

त्यानंतरही तुम्ही घाई केली नाहीत. पट्टा बांधून ओढूया का, असं मी विचारलं, तर म्हणालात, या चढावर माझीच गाडी घसरेल, मग दोघं अडकू. मग तुम्ही चक्क बर्फात आडवे झालात, खाली टॉर्च मारलात आणि म्हणालात, "पोटावर टेकलीय. चाकांवर वजनच नाही, पकड येणार कुठून?" खालचा बर्फ ओढून काढायलाच निम्मा वेळ गेला. चाकांपुढचा तो काचेसारखा थर तुम्ही फावड्याच्या कडेने खरवडत होतात, त्याचा खरखर आवाज अजून माझ्या कानात आहे. माझ्या गाडीला ओढतात ती पुढची चाकं, म्हणून पायाखालच्या मॅट काढून त्यांच्यासमोर टायरला भिडतील अशा सरकवल्यात. मला स्टेअरिंग सरळ धरायला लावलंत. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंद करायला लावलंत, कारण चाक घसरलं की ते इंजिनाची ताकदच कमी करतं आणि गाडीला झोका घेऊ देत नाही. पहिला गिअर नको, दुसरा टाका, म्हणजे चाकाला एकदम हिसका बसणार नाही, हेही तुम्हीच सांगितलं.

आणि मग तो झोका. थोडं पुढे, सोडा, रिव्हर्स, थोडं मागे, सोडा, पुन्हा पुढे. तुम्ही बाजूला उभे राहून दाराच्या खांबाला खांदा लावला होता. मॅट सुटून उडते म्हणून चाकाच्या रेषेत उभं राहायचं नाही, हे सांगून झालं होतं, आणि ती उडालीच. सातव्या की आठव्या झोक्याला गाडी खड्ड्यातून वर आली. आईने मागून "निघाली, निघाली!" असा आवाज दिला. तुम्ही ओरडलात, "जा!"

आता माझ्या डिकीत फावडं, वाळूची पिशवी आणि दोन घोंगड्या असतात. अडकून बसायची वेळ आलीच तर आधी सायलेन्सर मोकळा करायचा, वारा ज्या बाजूने येतो तिच्या पलीकडच्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची आणि तासाला 10 मिनिटंच इंजिन चालवायचं, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

काका, हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचलं तर एवढं मात्र नक्की कळवा: त्या रात्री तुम्ही घरी नीट पोहोचलात ना? तुमचे हातमोजे चिंब भिजले होते, आणि त्याच चढावर तुम्हाला एकटं सोडून आम्ही निघून आलो.

तुमची ऋणी,
चढावर रुतलेल्या गाडीतली मुलगी, आणि मागच्या सीटवरची तिची आई