चित्रकारांनी लिनक्सवर यायचे कसे?

महोदय,

‘विंडोज १०’चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबल्याने जुन्या संगणकांवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली बसवावी, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख पटला. मात्र आमच्यासारख्या चित्रकारांची अडचण त्यात आलेली नाही. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, क्लिप स्टुडिओ पेंट यांपैकी एकाचीही लिनक्स आवृत्ती नाही.

क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर रेखाटनासाठी उत्तम आहे. माझी दिवाळी अंकांची चित्रे मी त्यावरच काढतो आणि त्याच्या ब्रशांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. खोळंबा होतो तो देवाणघेवाणीत. छापखान्यातून मुखपृष्ठाची पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या स्वरूपातली, फाइल येते. ती लिनक्सवरच्या गिंप या मोफत चित्र-संपादन सॉफ्टवेअरमध्ये उघडली की शीर्षकाची अक्षरे म्हणजे नुसते चित्र होऊन बसते. एक वेलांटी चुकली असेल, तरी सगळा शब्द नव्याने घालावा लागतो, आणि तोही नेमका तोच फॉन्ट हाताशी असेल तर.

लिनक्सवर फोटोशॉपसारखे सॉफ्टवेअर चालवणे अवघड आहे, हे कारण कंपन्यांनी दिले तरी ते टिकणारे नाही. माया, हुडिनी, न्यूक ही महागडी व्यावसायिक सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतात, कारण चित्रपटांचे मोठे स्टुडिओ ती तिथेच वापरतात. एकेकट्या चित्रकाराच्या मागणीला तेवढे वजन नाही. कला महाविद्यालये मात्र एकगठ्ठा परवाने घेतात. त्यांनी खरेदीच्या वेळी लिनक्स आवृत्तीची मागणी लेखी नोंदवावी, ही विनंती.

– एक वाचक, सांगली