हात धुवायला साबण कुठे आहे?

मा. संपादक,

पावसाळा लागला की ठाण्यातल्या दवाखान्यांत जुलाब-उलट्या, कावीळ आणि टायफॉइडचे रुग्ण वाढतात. दूषित पाण्याइतकाच न धुतलेल्या हातांचाही यात वाटा असतो. २०२० साली हात कसे धुवावेत हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. फोन लावला की आधी खोकला आणि मग हात धुण्याची सूचना ऐकू यायची. वीस सेकंद, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं हे सगळं आजही कुणालाही विचारा, धडाधड सांगतील. पण नाक्यावरच्या मुतारीत, स्वच्छतागृहात किंवा शाळेच्या नळावर जाऊन पाहा, साबण बहुतेक ठिकाणी नसतो.

परिचारिका म्हणून अख्खी नोकरी केल्यामुळे मला हे जास्त टोचतं. आमच्या चाळीतल्या मुलांच्या हातांना मी तेलात कालवलेली हळद चोळायला लावते आणि ‘नेहमीसारखे हात धुवून या’ म्हणते. तळवे उजळतात, पण अंगठ्याची मागची बाजू, बोटांची टोकं आणि नखांच्या कडा गर्द पिवळ्याच राहतात. ‘आजी, इथे तर साबण पोचलाच नाही,’ हे मुलंच दाखवून देतात. ज्याने नुसत्या पाण्याने धुतले, त्याचे तर हात जसेच्या तसे. तेलकटपणा पाण्याला दाद देत नाही. कोरोनाच्या विषाणूचं बाहेरचं आवरणही स्निग्धच असतं आणि साबणाने ते फुटतं. एवढं डोळ्यांनी पाहिलं की मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

आपल्याकडची खरी अडचण सवयीची आहे. जेवून उठल्यावर आपण साबण लावतो, कारण रश्श्याचा ओशटपणा हाताला जाणवतो. जेवायला बसताना मात्र नळाखाली बोटं ओली केली की झालं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीत (२०१८) हेच आकड्यांत दिसलं होतं. शौचानंतर साबणाने हात धुणारे सुमारे ७४ टक्के, पण जेवणापूर्वी साबण वापरणारे जेमतेम ३६ टक्के. साठ टक्के लोक जेवणापूर्वी फक्त पाण्यावर भागवत होते. साथीच्या भीतीने ही सवय काही काळ बदलली. भीती ओसरली तशी तीही सुटली.

त्यात एक गैरसमज पसरला. कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो, वस्तूंना हात लावून लागण होण्याचा धोका कमी, हे पुढे स्पष्ट झालं. भाज्या आणि दुधाच्या पिशव्या धुवून थकलेल्या अनेकांनी त्यावरून ‘म्हणजे हात धुणंही फुकटच’ असा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष चुकीचा आहे. हगवण, कॉलरा, टायफॉइड, लहान मुलांचे जंत यांचा रस्ता हातावरूनही तोंडाकडे जातो. सॅनिटायझरवर सगळी भिस्त ठेवणंही बरं नव्हे. त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल हवं, हात मळलेले किंवा तेलकट असले तर त्याचा उपयोग कमी होतो आणि जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर ते फारसं चालत नाही.

मला सर्वांत जास्त चीड येते ती ‘लोकांना शिस्त नाही’ या वाक्याची. कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात पाण्याची ओरड नवी नाही. ज्या घरात पहाटे तासभर पाणी येतं आणि पिंपात तांब्या बुडवून दिवस काढावा लागतो, तिथल्या बाईला वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद हात धुवा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? आधी पाणी द्या. तोवर निदान तोटीची बादली तरी सुचवा, म्हणजे एकच तांब्या सगळ्यांच्या हातांखालून जाणार नाही.

साबणाच्या वड्या चोरीला जातात, अशी तक्रार हमखास होते. त्यावर सोपा उपाय आहे. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडी कपडे धुण्याची पावडर विरघळवायची, झाकणाला भोक पाडायचं आणि बाटली नळाशेजारी दोरीने बांधायची. हात धुवायला हे साबणपाणी पुरेसं होतं, खर्चही नगण्य. दोन-तीन दिवसांनी ते पुन्हा भरणारा माणूस मात्र ठरलेला हवा.

ठाणे महापालिकेला माझी विनंती आहे की प्रत्येक सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीवर, साबण भरण्याची जबाबदारी कोणाची आणि तक्रार कुठे करायची हे ठळक अक्षरांत लिहावं. साबण आहे की नाही, याची नोंद सफाईच्या तपासणीत व्हावी. पालिकेच्या शाळांत पोषण आहाराची घंटा दहा मिनिटं आधी वाजवावी आणि मुलं ताटाकडे नळावरूनच जातील, असं पाहावं. यासाठी नवी योजना नको, उद्घाटनाची फीत नको. साबणाचा खर्च प्रभाग समितीच्या नेहमीच्या देखभालीत धरावा आणि तो येत्या महिन्यापासून सुरू व्हावा.

– एक निवृत्त परिचारिका, कळवा (ठाणे)