‘जिंकूया’

सांगली,
१३ मार्च २०२२

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

मारुती चौकात चार मेणबत्त्या लावल्याने युक्रेनमधल्या खारकीव्हवरचे रशियाचे बॉम्बहल्ले थांबणार आहेत का, हा तुझा प्रश्न गेल्या रविवारी युद्धविरोधी सभेला निघताना चपला पायात सरकवत मीही स्वतःला विचारला होता. थांबणार नाहीत, हे तिथे जमलेल्या सत्तर-ऐंशी जणांपैकी प्रत्येकाला ठाऊक होते. आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार तर सूर्यफूल तेलाचे भाव कडाडल्यामुळे आला होता आणि त्याने ते लपवलेही नाही. आपल्याकडचे बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेनमधून येते, तेव्हा त्यालाही या युद्धाची झळ लागली आहेच.

पण मुख्य कारण गल्लीतल्या मुलीचे होते. ती सुमी शहरात वैद्यकीय शिक्षण घेते. नळाचे पाणी गेल्यावर वसतिगृहातल्या मुलांनी बादल्यांत बर्फ भरून तो वितळवून प्यायला घेतला, हे तिने फोनवर सांगितल्यापासून तिच्या आईने स्वयंपाकघरात पाऊल टाकले नव्हते. आठ दिवस त्या घरची चूल पेटली नाही आणि तरीही घरातले कोणी उपाशी राहिले नाही. डब्यांच्या पाळ्या कोणी ठरवल्या, मला अजून कळलेले नाही. त्यातच १ मार्चला कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातला एक विद्यार्थी खारकीव्हमध्ये किराणा आणायला रांगेत उभा असताना मारला गेला आणि त्या रात्री आमच्या गल्लीत कोणी टीव्ही लावला नाही. २०१९च्या महापुरात परगावांहून आपल्याकडे भाकरीची गाठोडी आली होती, ती देणाऱ्यांनीही कृष्णेचे पाणी थांबवले नव्हते, एवढे लक्षात घे.

सभेत खरा वाद झाला तो निवेदनाच्या मसुद्यावरून. ‘दोन्ही देशांनी शांतता पाळावी’ एवढेच लिहावे, असे काहींचे म्हणणे होते. २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने मत दिले, आपला देश मात्र ३५ तटस्थांमध्ये राहिला, मग सांगलीकरांनी पुढे पाऊल का टाकावे, असा सवाल एका निवृत्त सुभेदारांनी केला. सरकारला विद्यार्थी सुखरूप बाहेर काढायचे आहेत, शस्त्रांचे सुटे भाग मिळवायचे आहेत. त्याची अडचण मला समजते. पण चौकात उभ्या राहिलेल्या माणसाला ती अडचण नाही. ज्याच्या दारात रणगाडे आले आणि ज्याने ते पाठवले, त्या दोघांना एकाच वाक्यात समज देणे म्हणजे शांतता मागणे नव्हे. मी ‘आक्रमण’ हाच शब्द लावून धरला. अर्धा तास घासाघीस झाली आणि शेवटी तो राहिला.

तुला हे रुचणार नाही, ठाऊक आहे. १९७१च्या भारत-सोव्हिएत मैत्री कराराचे दिवस आपण एकत्र पाहिले. कॉलेजात असताना पैशापैशाने साठवून घेतलेली ती गुळगुळीत कागदाची स्वस्त रशियन पुस्तके अजून माझ्याही कपाटात आहेत. पण आज एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती तुला मी कधीच सांगितलेली नाही.

माझ्या वडिलांना कोणी पाण्याचा तांब्या दिला, सुटे पैसे दिले, की ते ‘जिंकूया’ म्हणत. आम्हा भावंडांना वाटे, हे त्यांचे स्वातंत्र्यचळवळीतले काही असावे. पुढे आत्याने उलगडा केला. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१मध्ये त्यांना घरांतून उचलून सायबेरिया-कझाकस्तानकडे धाडले होते. तिथून इराणमार्गे ती माणसे आपल्या पंचगंगेकाठी येऊन पोहोचली. वडील तेव्हा अठरा वर्षांचे. मिरजेहून आगगाडीने तिथे अंडी आणि भाजी विकायला जात. टोपलीतली अंडी एकेक करून कानाशी हलवून पाहणाऱ्या एका म्हातारीने त्यांना आभाराचा शब्द शिकवला आणि त्यांनी तो आपल्या कानाला पटेल तसा उचलला.

सुमीची मुले ८ तारखेला बसने निघाली, पुढे रेल्वेने पोलंडला गेली आणि तिथून विमानाने परवा दिल्लीत उतरली. आमची मुलगी काल संध्याकाळी घरी पोहोचली. पाय सुजले होते आणि बोलता बोलता डोळे मिटत होते. पोलंडमधल्या स्टेशनावर अनोळखी बायकांनी कागदी पेल्यांतून गरम सूप दिले, असे ती सांगत होती. ‘‘आजोबा, आम्हाला त्यांच्या भाषेतला एकच शब्द येत होता, तोच पुन्हा पुन्हा म्हणत होतो. जेंकुये.’’ मी तिला तो तीन वेळा म्हणायला लावला. तिच्या आईला वाटले, मला ऐकू कमी येते.

निवेदनाची प्रत सोबत पाठवत आहे. गुरुवारी जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची आहे, तेव्हा सही करून लगेच परत पाठव. ‘आक्रमण’ हा शब्द खोडायचा असेल तर खुशाल खोड, पण मग समासात कारण लिही, आणि तुझ्या त्या किरट्या अक्षरात नको. सुभेदारांनाही ते वाचायचे आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंता